फी कुणाची माफ होते? आधी सीट बघा, मग उत्पन्न

गेल्या सप्टेंबरात दौंड तालुक्यातले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. हातात प्लास्टिकची फाइल, तिच्यात मुलीचे सगळे दाखले ओळीने लावलेले: जातीचा, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, तहसीलदारांचा उत्पन्नाचा. वर्षाचं उत्पन्न 2 लाख 10 हजार. मुलगी पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. ते म्हणाले, "मॅडम, सरकारनं मुलींची फी माफ केली ना? मग हिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं बारा-पंधरा हजारांत भागलं आणि आमच्याकडनं सव्वा लाख घेतले, हे कसं?"

दोघी मुली ओबीसी, दोघींच्या घरचं उत्पन्न मर्यादेत, दोघी एकाच शाखेत. मी दाखले चाळले, त्यांत काहीच खोट नव्हती. मग प्रवेशाचा कागद काढायला सांगितला आणि तिथे उत्तर सापडलं. मैत्रिणीचा प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून झाला होता, हिचा "संस्था स्तरावर", म्हणजे थेट कॉलेजात. कॅपच्या फेरीत मिळालेली शाखा मनासारखी नव्हती म्हणून यांनी ती सोडली. नंतर कॉलेजात जाऊन चौकशी केली, हवी ती शाखा रिकामी होती, पैसे भरले, प्रवेश झाला. त्या सहीबरोबर फीची सवलत हातची गेली, हे त्या खिडकीवर त्यांना कुणी सांगितलं नाही.

मी बावीस वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. निवृत्त झाल्यावरही ओळखीपाळखीची माणसं फाइल घेऊन घरी येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. लोकांना वाटतं, शिष्यवृत्ती म्हणजे महाडीबीटीवर, राज्य सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर, भरायचा अर्ज. अर्ज तर नंतरचा. तुम्ही पात्र की अपात्र हे जून-जुलैत, प्रवेशाच्या धावपळीतच ठरून गेलेलं असतं. म्हणून हा लेख प्रवेशाच्या आधी वाचायचा आहे.

सीट कोणती मिळाली?

इंजिनिअरिंग, फार्मसी, आर्किटेक्चर, एमबीए, कायदा अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात. सीईटीसारखी प्रवेश परीक्षा द्यायची, कागद तपासून घ्यायचे, कॉलेजांचे पर्याय भरायचे आणि गुणवत्तेप्रमाणे फेरीत सीट मिळते. हीच केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, म्हणजे बोलीतला "कॅप राउंड". खासगी विनाअनुदानित कॉलेजात काही जागा, साधारण 20 टक्क्यांपर्यंत, संस्था स्वतः भरते. त्यांना कुणी मॅनेजमेंट कोटा म्हणतं, कुणी इन्स्टिट्यूट लेव्हल. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागाही कॉलेज पातळीवर भरल्या जातात.

फीच्या सवलतीच्या बाबतीत शासनाची भूमिका स्पष्ट आहे. सवलत कॅपमधून आलेल्या विद्यार्थ्याला. व्यवस्थापन कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळलेले. घरी कितीही ओढाताण असली, वडील मजुरी करत असले, तरी सीट संस्था स्तरावरची असेल तर तहसीलदारांचा दाखला तिथे उपयोगी पडत नाही. नियमामागचा विचार मला समजतो: सरकार ज्या जागेचे पैसे भरणार ती गुणवत्ता यादीतून, उघडपणे भरलेली हवी. पण गरीब घरातल्या मुलाला हा फरक प्रवेशाच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला दिसायला हवा. तो दिसत नाही, याचं मला बावीस वर्षं वाईट वाटत आलं आहे.

तेव्हा कॅपमध्ये मिळालेली सीट सोडण्याआधी घरात बसून एक हिशेब करा. हवी ती शाखा संस्था स्तरावर घेतली तर चार वर्षांत किती पैसे जास्त जातील? समजा, शिक्षण शुल्क वर्षाला 1 लाख 20 हजार आहे. मुलगी 100 टक्के सवलतीला पात्र असेल तर चार वर्षांचे 4 लाख 80 हजार झाले. मुलगा 50 टक्के सवलतीला पात्र असेल तर 2 लाख 40 हजार. शाखा बदलण्याची एवढी किंमत मोजायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आकडा कळल्यावर ठरवावं.

कॅपमध्येच आणखी एक जागा असते, टीएफडब्ल्यूएसची, म्हणजे शिक्षण शुल्क माफी योजनेची. मंजूर जागांच्या वर 5 टक्के जागा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या योजनेतून राखलेल्या असतात आणि त्यांत शिक्षण शुल्क पूर्ण माफ असतं. जात कोणतीही चालते, घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत लागतं. जागा थोड्या म्हणून गुणवत्ता वर जाते, आणि एकदा घेतल्यावर पुढे कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही. चांगले गुण असलेल्या खुल्या वर्गातल्या मुलाने पर्याय भरताना या जागा जरूर टाकाव्यात. त्याला एरवी 50 टक्केच मिळणार असतात.

कॉलेज कोणत्या प्रकारचं?

पुण्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा झाला आहे. गेल्या काही वर्षांत शहराच्या चारही बाजूंना खासगी विद्यापीठं उभी राहिली. इमारत देखणी, नाव मोठं, जाहिरात कर्वे रस्त्यापासून हिंजवडीपर्यंत. मुलींच्या फीबाबतच्या शासन निर्णयात (त्याबद्दल पुढे सांगते) शासकीय, अनुदानित, अंशतः अनुदानित आणि कायम विनाअनुदानित कॉलेजं आहेत, सार्वजनिक विद्यापीठं आहेत. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं मात्र वगळली आहेत. तिथे प्रवेश घेतला तर ही सवलत लागू होत नाही.

इथे शब्दांनी गोंधळ होतो. "स्वायत्त" कॉलेज म्हणजे खासगी विद्यापीठ नव्हे. स्वायत्त कॉलेज आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतं, पण असतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या विद्यापीठाशी संलग्नच, आणि तिथली कॅपची सीट सवलतीला चालते. उलट नावात "विद्यापीठ" आहे म्हणून घाबरायचंही कारण नाही. शिवाजीनगरचं सीओईपी 2022 पासून तंत्रज्ञान विद्यापीठ झालं आहे, पण ते सार्वजनिक आहे. तेव्हा पाटीवरचं नाव वाचून अंदाज बांधू नका. कॉलेजच्या कार्यालयात सरळ विचारा: "ही संस्था विद्यापीठाशी संलग्न आहे, की स्वतः खासगी विद्यापीठ आहे? माझा प्रवेश कॅपमधून धरला जाईल का?" उत्तर तोंडी मिळालं तर लेखी मागा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

कुणाला किती?

आता ज्याबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं ते. राज्यात फीची एकच योजना नाही. प्रवर्गाप्रमाणे वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत, आणि महाडीबीटी हे त्या सगळ्यांचं एकच पोर्टल आहे. समाजकल्याण आयुक्तालय, उच्च शिक्षण संचालनालय ही कार्यालयं पुण्यातच आहेत, पण अर्ज घेऊन तिथे जायची गरज नसते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना दोन वाटा आहेत. आई-वडिलांचं उत्पन्न 2 लाख 50 हजारांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फी तर आहेच, शिवाय निर्वाह भत्ता आहे. 2020-21 पासून या योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं तर भत्ता जातो, फी मात्र राज्य भरतं. तीच "फ्रीशिप". अनुसूचित जमातींनाही शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप अशाच दोन वाटा आहेत, फक्त विभाग आदिवासी विकास. उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं म्हणून अर्जच न भरलेली मुलं मी पाहिली आहेत. असं करू नका. योजनेचं नाव बदलतं, फी मिळायची थांबत नाही.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क पूर्ण मिळतं. अटी दोन: नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे प्रवर्गातल्या सधन घरांत मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, आणि 8 लाखांच्या आतलं उत्पन्न. ओबीसी मुलांना 50 टक्के.

खुल्या वर्गातल्या आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना. जुनी माणसं हिलाच अजून "ईबीसी" म्हणतात, कारण आर्थिक मागासांच्या सवलतीची ही परंपरा यशवंतराव चव्हाणांच्या काळापासूनची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला शिक्षण शुल्काच्या आणि परीक्षा शुल्काच्या 50 टक्के मिळतात. उत्पन्न 8 लाखांपर्यंत, विद्यार्थी महाराष्ट्राचा अधिवासी, अभ्यासक्रम पूर्णवेळ, कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, त्याच फीसाठी दुसरी शिष्यवृत्ती घेतलेली नसावी आणि अभ्यासक्रमाच्या मध्ये दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडलेला नसावा. दोन अपत्यांच्या अटीवर थोरल्याच्या वेळी कुणी विचार करत नाही. तीन भावंडं असतील तर कोणत्या दोघांच्या फीला लाभ घ्यायचा, हे आधी ठरवलेलं बरं. तिसऱ्याचा अभ्यासक्रम महागडा असेल तर पहिल्याच्या स्वस्त पदविकेवर लाभ खर्च झाल्याचं दुःख होतं.

आणि मुली. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी या तीन गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 50 ऐवजी 100 टक्के शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळू लागलं. शैक्षणिक वर्ष 2024-25 पासून. उत्पन्नाची मर्यादा तीच, 8 लाख. आधीपासून शिकत असलेल्या मुलींनाही पुढच्या वर्षांसाठी लाभ, आणि अनाथ मुलामुलींनाही. तेव्हा बऱ्याच जणींनी मला विचारलं, "मावशी, या यादीत अनुसूचित जातीच्या मुली का नाहीत?" कारण त्यांची फी आधीपासून पूर्ण मिळतच होती. विमुक्त-भटक्यांचीही. अर्ध्यावर अडकलेल्या ज्या होत्या त्यांचा अर्धा भाग या निर्णयाने भरून काढला.

बुधवार पेठेत भिडे वाड्यात 1848 साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, त्या शहरात मी हे काम केलं. दुसऱ्या वर्षाला फी न जमल्यामुळे कॉलेज सोडणाऱ्या मुली मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यामुळे हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. आणि म्हणूनच "मुलींना सगळं मोफत" हे अर्धवट वाक्य ऐकलं की काळजी वाटते. सगळं मोफत नाही. कॅप हवा, उत्पन्न मर्यादेत हवं, संस्था यादीतल्या प्रकारची हवी.

शासन निर्णयातले शब्द "आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक" असे आहेत. त्यामुळे खुल्या वर्गातल्या मुलीने नुसत्या उत्पन्नाच्या दाखल्यावर न थांबता तहसील कार्यालयातून ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्रही राज्याच्या नमुन्यात काढून ठेवावं, असं माझं मत आहे. केंद्राच्या नोकऱ्यांसाठीचा नमुना वेगळा असतो. सेतूत सांगताना "शिक्षणासाठी, महाराष्ट्र राज्याचं" असं सांगा.

माफ काय होतं हेही नीट बघा. कॉलेजची मंजूर फी म्हणजे शिक्षण शुल्क अधिक विकास शुल्क. खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी 2015 च्या कायद्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण दरवर्षी मंजूर करतं. समजा शिक्षण शुल्क 1 लाख 20 हजार आणि विकास शुल्क 12 हजार आहे. 50 टक्के मिळणाऱ्या मुलाच्या वाट्याला 60 हजार अधिक 12 हजार, म्हणजे 72 हजार येतात. 100 टक्के मिळणाऱ्या मुलीला 12 हजार भरावे लागतात. वसतिगृह, मेस, बस हे सगळं याबाहेर. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत परत न मिळणारी सक्तीची शुल्कं धरलेली असतात, त्यामुळे तिथे विद्यार्थ्याचा वाटा आणखी कमी होतो. कार्यालयात फीचा तक्ता मागा आणि शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, हे वेगळं लिहून घ्या. पात्र विद्यार्थ्याकडून कॉलेजने प्रवेशाच्या वेळी त्याचा स्वतःचा वाटाच घ्यायचा असतो, पूर्ण फी नव्हे. "आधी सगळी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ" असं सांगितलं तर शासन निर्णय दाखवा, आणि न ऐकल्यास संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करा.

दोन वेगवेगळे आठ लाख

माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद या एका आकड्यावरून झाले.

ओबीसी कुटुंबाकडे नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र असतं. त्याची मर्यादा 8 लाख. फीच्या योजनेची मर्यादाही 8 लाख. साहजिकच माणूस म्हणतो, "नॉन-क्रिमीलेअर आहे म्हणजे आमचं उत्पन्न आठच्या आत आहे हे सरकारनंच मान्य केलंय, मग अर्ज का नाकारला?"

आकडा एकच, मोजण्याची रीत दोन. क्रिमीलेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न त्या 8 लाखांत मिळवत नाहीत. ही रीत 1993 च्या केंद्राच्या नियमांतून आली. तेव्हा मर्यादा 1 लाख होती, ती वाढत वाढत 2017 मध्ये 8 लाखांवर आली. नोकरदारांच्या बाबतीत पगारापेक्षा पद बघतात: आई-वडील कोणत्या वर्गाच्या पदावर लागले. आणि इतर उत्पन्न, धंदा, भाडं वगैरे, सलग तीन वर्षांचं पाहतात. फीच्या योजनेत असं काही वगळत नाहीत. तिथे आई आणि वडील दोघांचं, सगळ्या मार्गांनी आलेलं, आदल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न बघतात. पगार धरून.

उदाहरण घेऊ. वडील सरकारी कार्यालयात कारकून, पगार वर्षाला 7 लाख. आई खासगी शाळेत शिकवते, दीड लाख. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना हे दोन्ही पगार मोजणीत येत नाहीत, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं आणि मुलीला ओबीसीच्या जागेवर प्रवेशही मिळतो. पण फीच्या योजनेसाठी बेरीज साडेआठ लाख. 50 हजारांनी मर्यादा ओलांडली, अर्ज नामंजूर. मुलगी आरक्षणाला पात्र आणि फीमाफीला अपात्र, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही नियमाप्रमाणे बरोबर. हे कळायला मला स्वतःलाही टेबलावर बसल्यावर वर्षभर लागलं होतं.

पगारदारांची दुसरी चूक म्हणजे हातात येणारा पगार मोजणं. प्रॉव्हिडंट फंड, कर, सोसायटीचं कर्ज कापून महिन्याला 55 हजार येतात म्हणून माणूस निर्धास्त असतो. तहसील कार्यालय फॉर्म 16 वरचा एकूण पगार बघतं. 8 लाखांना बारांनी भागलं तर महिना 66 हजार 666 होतात, आणि ते कपातीच्या आधीचे. घराचा हप्ता त्यातून वजा होत नाही. ज्यांचं उत्पन्न सीमारेषेवर आहे त्यांनी मार्च संपला की लगेच आकडा काढून बघावा, म्हणजे फीची सोय वेळेवर करता येईल. आकडा लपवून दाखला काढायचा सल्ला मी कधीच दिला नाही. पुढे पडताळणीत सापडलं तर रक्कम परत करावी लागते, आणि मुलाचं नाव खराब होतं ते वेगळंच.

शेतकरी कुटुंबाला तलाठ्यांच्या अहवालावर दाखला मिळतो आणि तो जिथे घर-शेती आहे तिथल्या तहसीलमधून निघतो. लातूर किंवा नंदुरबारहून पुण्यात शिकायला आलेल्या मुलांनी सदाशिव पेठेतल्या खोलीचा पत्ता टाकून इथे दाखला मागू नये. फेरी फुकट जाते. गावी असतानाच, मे महिन्यात, काढून आणावा.

कागदाची तारीख

उत्पन्नाचा दाखला एका आर्थिक वर्षाचा असतो. उदाहरणार्थ, 2025-26 च्या प्रवेशाला 2024-25 चं उत्पन्न दाखवणारा, 31 मार्च 2026 पर्यंत चालणारा हवा. नॉन-क्रिमीलेअरही त्या शैक्षणिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत वैध लागतं. अकरावीला काढलेलं प्रमाणपत्र घरात असतं, त्यावर 31 मार्च होऊन गेलेली असते, आणि हे लक्षात येतं ते कॅपच्या कागद तपासणीत. तिथे मुदतीत नवीन दिलं नाही तर विद्यार्थी खुल्या वर्गात धरला जातो. एका जुन्या कागदामुळे प्रवर्गाची सीट जाते आणि प्रवर्गाची योजनाही हातून निसटते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा कागद म्हणजे जात पडताळणी, "व्हॅलिडिटी". पुणे जिल्ह्याचं काम विश्रांतवाडीच्या सामाजिक न्याय भवनात चालतं. वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या नोंदी, कधी आत्याची नाही तर चुलत्याची वैधता, असं बरंच जमवावं लागतं. बारावी विज्ञानाला असलेल्यांनी कॉलेजमार्फत हा अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्यावा. निकाल लागल्यावर धावणाऱ्यांची तिथली रांग मी पाहिली आहे. आया डबा घेऊन बसलेल्या असतात.

नावाचं स्पेलिंग ही वरवर छोटी, प्रत्यक्षात मोठी गोष्ट. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. दहावीची गुणपत्रिका प्रमाण मानून बाकीचं त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या.

अर्ज भरल्यानंतर

महाडीबीटीवर अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. लिपिक तपासतो, प्राचार्य पुढे पाठवतात, मग विभागाचं कार्यालय मंजूर करतं. त्रुटी असेल तर अर्ज "सेंड बॅक" होऊन विद्यार्थ्याकडे परत येतो. दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला नाही तर तो तिथेच पडून राहतो. अर्ज भरून पोर्टल विसरून गेलेली मुलं दरवर्षी असायची. आठवड्यातून एकदा लॉगिन करून बघणं एवढंच काम असतं.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. यातही एक बारकावा आहे. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नाही. राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या नोंदीत तुमच्या आधारपुढे जे खातं शेवटचं जोडलेलं असेल, तिथेच पैसे जातात. पुण्यात आल्यावर नवं खातं उघडताना एका ठिकाणी सही केली असेल तर जोडणी बदललेली असते आणि मुलगा गावच्या बँकेत पासबुक भरत बसतो. आधारच्या संकेतस्थळावर कोणती बँक जोडली आहे ते दिसतं. खात्यात आलेली फीची रक्कम कॉलेजची आहे, ती कॉलेजला लगेच भरावी. ती घरखर्चात गेली की परीक्षेच्या वेळी हॉल तिकिटावरून कटकट होते.

आणि दरवर्षी नूतनीकरण. पहिल्या वर्षी मंजूर झालं म्हणून पुढची तीन वर्षं आपोआप मिळत नाही.

फीपलीकडचा खर्च, म्हणजे खोली आणि जेवण, यासाठी वेगळ्या योजना आहेत. खुल्या वर्गासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60 हजार मिळतात. फीची योजना मिळाली म्हणून या बंद होत नाहीत, त्यांच्या अटी स्वतंत्रपणे बघायच्या. त्यांवर लिहायचं तर दुसरा लेख लागेल.

दौंडच्या त्या गृहस्थांच्या थोरल्या मुलीसाठी मला काही करता आलं नाही. त्यांनी शैक्षणिक कर्ज काढलं, ती आता दुसऱ्या वर्षाला आहे, अभ्यासात चांगली आहे. धाकटी यंदा बारावीला आहे. परवा ते पुन्हा आले तेव्हा फाइलमध्ये तिच्या नावाचे कागद होते. वेळ आहे तोवर बघून घेऊ म्हणून आम्ही दोघं ते एकेक करून तपासत बसलो. नॉन-क्रिमीलेअरची मुदत मार्चला संपते, ते एप्रिलात नवीन काढायचं ठरलं. तिची पडताळणी अजून व्हायची आहे, पण थोरलीची वैधता झालेली असल्याने तो पुरावा हाताशी आहे. आधारवर तिच्या नावात एक अक्षर कमी होतं. ते दुरुस्त करायला सांगितलं आणि फाइलच्या आतल्या बाजूला, त्यांच्याच पेनने, एक ओळ लिहून दिली: कॅपची सीट मला विचारल्याशिवाय सोडायची नाही. माझा फोन नंबर त्याखाली.